चहाचं विमान

नागपूरच्या सुजातानगरातलं भांडण एकदा तरी पाहावं. सिंधूताई आणि शेजारच्या भीमाबाई नळावर जुंपल्या की अख्खी गल्ली हातातली कामं टाकून दारात येते. "तुह्या बकरीनं माह्या मेथीचा—" सिंधूताई कडाडतात आणि तिथेच थांबतात. तोंड उघडं, पंजा वर, डोळे भीमाबाईंवर रोखलेले. कारण डोक्यावर विमान आलेलं असतं. छपराचे पत्रे थरथरतात, फळीवरची भांडी वाजतात, आणि विमान पोट दाखवत धावपट्टीकडे उतरतं. भीमाबाईही पंजा वर करून निमूट उभ्या असतात. तेवढ्यात उत्तर देऊन टाकावं असला हलकटपणा तिथे कोणी करत नाही. विमान गेलं की सिंधूताई नेमक्या त्याच जागेवरून सुरू होतात, "—सत्यानाश केला वं!" एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही.

ही रीत कोणी बसवली नाही, ती आपोआप बसली. विमान आलं की बोलणाऱ्यानं पंजा वर करायचा आणि थांबायचं, ऐकणाऱ्यानंही थांबायचं. विहारात लग्न लागताना नवरा-नवरी हार हातात धरून थांबतात. एका निवडणुकीत प्रचाराला आलेल्या उमेदवारानं भाषणाच्या मध्येच शेकडो पंजे वर गेलेले पाहिले आणि ही वस्ती दुसऱ्याच पक्षाची आहे असं समजून बिचारा चहासुद्धा न घेता निघून गेला. सिंधूताईंचे यजमान बळीराम मुलासाठी मुलगी पाहायला उमरेडला गेले होते. तिथे खाणीत सुरुंग उडाल्याचा दूरवरून आवाज आला, तर सवयीनं हे "आम्हाले मुलगी—" म्हणून तोंड उघडं ठेवून, पंजा वर करून बसले. मुलीकडच्यांना वाटलं, पाहुण्याला झटका आला. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा हुंगायला दिला. मग हे शांतपणे म्हणाले, "—पसंत हाये." ती मुलगी म्हणजे सून मेघा.

वस्तीत घड्याळ कोणी पाहत नाही. पहाटेचं ते नळाचं विमान, त्यानंतरचं डब्याचं, आणि दुपार उतरताना येतं ते चहाचं विमान. ते गेलं की घरोघरी आधण ठेवतात. आणि विमान दिसायच्या आधी ते कळतं पायलटला. पायलट म्हणजे बळीरामांचा कुत्रा. तो उठून उभा राहिला आणि कान टवकारले की माणसं वाक्यं आवरती घेऊ लागतात.

आता कोणी शहाणा विचारेल, की काहून गा, विमानाखाली येऊन बसायले सांगितलं कोणी? तर हे लोक काही हौसेनं आले नव्हते. त्यांची जुनी घरं धावपट्टीच्या टोकाशी होती. धावपट्टी लांबवायची निघाली तेव्हा नियोजन कचेरीनंच त्यांना उचललं, नकाशावर बोट ठेवलं आणि इथे प्लॉट दिले. बोट ठेवणाऱ्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं नाही. कचेरीत वर पाहायची पद्धत फक्त बढतीच्या वेळेला असते.

सिंधूताईंच्या घराच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया उघड्या होत्या. गंज चढू नये म्हणून त्यांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या. या सळयांवर सिंधूताईंचा जीव होता. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात मुलगा-सुनेला कुठे जागा देणार? म्हणून अश्विन हिंगण्याला कंपनीजवळ भाड्याची खोली घेऊन राहत होता. त्याला कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मेघाला दिवस गेलेले, पहिलटकरीण म्हणून ती माहेरी उमरेडला गेलेली. बाळंत होऊन ती यायची कुठे? हिंगण्याच्या त्या कोंदट खोलीत, नवरा रातपाळीला आणि तान्हं बाळ मांडीवर? सिंधूताईंना ते नुसतं डोळ्यांपुढे आलं तरी घास उतरत नसे. वर एक खोली चढवायची, नातवंडाला आपल्या घरात न्हाऊमाखू घालायचं, एवढं एकच त्यांना हवं होतं.

आणि नेमका तेव्हाच कचेरीचा नवा नकाशा आला. भीमाबाईंची नात मोनाली कॉलेजात शिकत होती, तिनं तो मोबाइलवर उघडून दाखवला. सुजातानगर अख्खं लाल होतं.

"लाल म्हणजे चांगलं का वाईट?" बळीरामांनी विचारलं.

"वाईट, बाबाजी. ध्वनिबाधित पट्टा म्हणते. इथं माणसानं राहू नये. हायेत त्या घरांवर नवा मजला नाही. पुढं-मागं उठवतीन बी."

"मंग इथं काय चालते?"

मोनालीनं वाचून दाखवलं. "गोदाम चालते. शीतगृह चालते. लग्नाचं लॉन चालते."

"म्हणजे डीजे चालते, माणूस नाही चालत," सिंधूताई म्हणाल्या.

रस्त्याच्या पलीकडे 'शांतिवन' नावाच्या बंगल्यांच्या स्कीमचा मोठा बोर्ड होता. 'विमानतळाच्या कुशीत, निसर्गाच्या शांततेत', आणि खाली बारीक अक्षरात 'ध्यानकेंद्रासहित'. तो प्लॉट नकाशात पिवळा होता, म्हणजे राहायला उत्तम. आवाजाची लाल रेषा धावपट्टीपासून सरळ सुटत होती. शांतिवनाच्या भिंतीपाशी आली की ती चिखल चुकवणाऱ्या बाईसारखी पदर सावरून वळसा घेत होती, आणि पुढे सुजातानगरावर पुन्हा सरळ होत होती. बळीरामांनी चष्मा वर-खाली करून ते वळण बराच वेळ पाहिलं.

"त्या प्लॉटपाशी आवाज चप्पल हातात घेऊन जात असन," ते म्हणाले. बळीराम एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, स्वभावानं अगदी गरीब, पण असं काही बोलून जायचे.

मग सुनावणी लागली. हरकती ऐकायला नियोजन कचेरीचे श्रीधर भुसारी साहेब स्वतः वस्तीत येणार होते. सोबत त्यांचा लिपिक केयूर, त्याच्या हातात लॅपटॉप. समाजभवन झाडून काढलं, माइक लावला, आणि सिंधूताईंनी मोनालीपुढे बोलण्याची तालीम केली. वस्ती तयारीत होती. फक्त दोन गोष्टी कोणाच्या ध्यानात आल्या नाहीत.

एक म्हणजे आपली बोलायची रीत. आपल्याकडे पाहुण्यापुढे थेट तक्रारीला हात घालणं म्हणजे जेवायच्या आधी ढेकर देणं. आधी चार गोड शब्द, मग 'पण', आणि जे काही खरं असेल ते त्या 'पण'च्या पलीकडे. दुसरी गोष्ट म्हणजे मुंबईचा पाऊस. मुंबईत धो धो सुरू झाला की तिकडची विमानं नागपूरला वळवतात. पाणी पडतं मुंबईत आणि कान फुटतात सुजातानगरचे. त्या दिवशी मुंबईत इतका पाऊस होता, की एक विमान उतरतं ना उतरतं तोवर दुसरं आकाशात उभं.

बळीराम पहिले उठले. "जयभीम साहेब. एवढ्या चिखलातून तुम्ही आमच्या दारी आले, नकाशा दाखवला, आम्हाले लय आनंद झाला, पण—" आणि पंजा वर. विमान आलं.

भुसारी साहेबांना ही रीत काय माहीत! कचेरीत जो थांबला तो संपला. वर केलेला हात म्हणजे त्यांना निरोपाचा नमस्कार वाटला. त्यांनीही हसून हात वर केला आणि विमानाच्या आवाजातच केयूरला खूण केली. केयूरनं टाइप केलं. विमान जाईस्तोवर भीमाबाईंना माइकपुढे आणलं होतं. बळीराम "—आमच्या घरावर" एवढं म्हणेपर्यंत माइक त्यांच्या हातात राहिलाच नव्हता.

भीमाबाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही माह्या लेकासारखे, तुमच्या कामात आम्ही आडवं येणार नाही, पण—" विमान. पंजा. पुढचा.

सिंधूताई मागे बसून हे पाहत होत्या. काय होऊन राहिलं हे त्यांना कळलं होतं. आपण थांबायचं नाही, विमान येवो की विमानाचा बाप येवो, बोलतच राहायचं, असं मनाशी घोकत त्या माइकपाशी गेल्या. "साहेब, नकाशात रंग मोठे झकास भरले तुम्ही, मेहनत दिसते, पण—" आणि गडगडाट सुरू झाला. त्यांनी तोंड उघडं ठेवलं, जोर केला, पण आवाज निघेना. अर्ध्या आयुष्याची सवय ती, गळा आपोआप मिटला आणि हात आपोआप वर गेला. स्वतःच्या त्या हाताचा त्यांना इतका राग आला की तोडून टाकावासा वाटला.

साहेबांना पुढे कळमेश्वरला दुसरी सुनावणी होती. ते उठले, हात हलवत जीपमध्ये बसले. वस्ती पंजे वर करून उभी, कारण विमान अजून डोक्यावर होतं. ते गेलं तेव्हा जीप वळणावर पोचली होती. मग सगळ्यांची उरलेली वाक्यं एकदम बाहेर पडली. तो गलका ऐकायला जीपनं उडवलेला चिखल तेवढा होता.

थोड्या दिवसांनी इतिवृत्त आलं. मोनालीनं ओट्यावर बसून ते वाचलं. "सुजातानगर येथील रहिवाशांनी प्रारूप नकाशाचे एकमुखाने स्वागत केले. श्री. बळीराम यांनी आनंद व्यक्त केला. श्रीमती भीमाबाई यांनी पूर्ण सहकार्याची ग्वाही दिली. श्रीमती सिंधूताई यांनी रंगसंगतीची विशेष प्रशंसा केली. हरकती निरंक."

"मी रंगाची प्रशंसा कराले गेली होती का वं?" सिंधूताई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात उमरेडहून फोन आला. मेघाला मुलगी झाली. सिंधूताईंनी गल्लीभर साखर वाटली, भीमाबाईंच्या बकरीलाही चाटवली. मग अश्विन फोनवर म्हणाला, "आई, मंग मी हिंगण्याची खोली सोडू का ठेवू?" सिंधूताईंनी फोन बळीरामांच्या हातात दिला. त्या स्लॅबवर गेल्या आणि बाटल्या घातलेल्या सळयांपाशी बसून पोटभर रडल्या.

बळीराम म्हणाले, "अर्ज करू. वरच्या साहेबाले करू."

"अर्ज वाचणारा कोण? तोच भुसारी." सिंधूताईंनी पदरानं तोंड पुसलं. "अश्विनचे बाबा, आपण त्याच्या नकाशाचं स्वागत केलं ना? कागदावर तसंच लिहून हाये ना?"

"हो, लिहून त हाये."

"मंग स्वागत केलं न् सत्कार नाही केला, हे बरं दिसते का?"

भीमाबाई भडकल्या. "त्या मुडद्याले हार घालाचा? तुही मती फिरली का?"

"घालू ना वं. शाल देऊ, नारळ देऊ, आलूबोंडे खाऊ घालू. फक्त टाइम चहाच्या विमानाचा ठेवा."

भीमाबाईंचे उरलेसुरले दात हळूहळू दिसायला लागले.

सत्काराला नाही म्हणणारा साहेब नागपुरात अजून जन्माला यायचा आहे. भुसारी साहेब आले, इस्त्रीचा सदरा घालून आले. मनातून त्यांनाही थोडं नवल वाटत होतं, की ज्यांना आपण लाल रंगात बुडवलं ते हार घेऊन उभे आहेत. पण आपल्या कामाची कदर कोणीतरी केली, हा विचार माणसाला फार लवकर पटतो. शाल झाली, नारळ झाला. बळीरामांनी प्रास्ताविक लांबवलं. भीमाबाईंनी लेकासारखे लेकासारखे म्हणून साहेबांच्या गालावरून दोनदा हात फिरवला. सिंधूताईंचं लक्ष मात्र समाजभवनाच्या पायरीवर झोपलेल्या पायलटकडे होतं.

साहेब बोलायला उठले. शहराचा विकास, जगाचा विकास, सगळं झालं. इतक्यात पायलट उठून उभा राहिला आणि त्यानं कान टवकारले. सिंधूताई झटकन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमच्याच तोंडून ऐकू द्या. आमच्या घराचं न् माह्या वरच्या मजल्याचं कसं होईन?"

साहेबांनी छातीवर हात ठेवला. आता गोड बोलायचीच वेळ होती. "सिंधूताई, तुम्ही मला आईच्या ठिकाणी. आज सर्वांसमोर सांगतो. सुजातानगरचं एकही घर हलता कामा नये आणि तुमचा वरचा मजला झालाच पाहिजे, हीच माझी भूमिका आहे, पण—"

चहाचं विमान आलं.

साहेब थांबले नाहीत. त्यांना थांबायची सवयच नव्हती. ते बोलत राहिले, तर्जनी नाचवत राहिले, बोटांवर एकेक नियम मोजत राहिले, शेवटी दोन्ही हात पसरून आपला नाइलाजही त्यांनी दाखवला. यातलं अक्षर कोणाला ऐकू आलं नाही. वस्ती पंजे वर करून आदबीनं बसली होती. विमान उतरलं तेव्हा साहेब म्हणत होते, "—धन्यवाद." आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की पायलट घाबरून खुर्चीखाली गेला. साहेबांनी समाधानानं आलूबोंड्याला हात घातला. नियम इतक्या गोडीत समजून घेणारी माणसं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

मोनालीचा मोबाइल चालू होता. तो व्हिडिओ गल्लीतून गावात, गावातून वर्तमानपत्रात गेला. 'सुजातानगरचं एकही घर हलणार नाही, मजला झालाच पाहिजे: अधिकाऱ्यांची ठाम भूमिका.' भुसारी साहेबांना वरून फोन आले, बाजूनं आले, आणि शांतिवनवाल्यांचा तर इतका मोठ्यानं आला की तो केयूरलाही ऐकू गेला.

साहेबांनी सिंधूताई आणि बळीरामांना कचेरीत बोलावून घेतलं. कचेरी शांत होती. पंखा फिरत होता आणि साहेब तापले होते.

"मी पुढे बोललो होतो! सगळे नियम एकेक करून सांगितले होते!"

"सांगितले असतीन, साहेब," सिंधूताई म्हणाल्या. "तुमचे हात हलताना दिसले. ऐकू काही नाही आलं."

"कारण विमान होतं!"

"हो ना. होतं ना विमान."

"मग तसं लेखी द्या. विमानाच्या आवाजामुळे अधिकाऱ्यांचं बोलणं अर्धवट ऐकू आलं, असं."

"देतो ना साहेब, काहून नाही? केयूरदादा, लिहा. सुजातानगरात विमान आलं का बोलणं अर्धवट ऐकू येते. आन् त्याच्या खाली आमच्या सुनावणीची तारीख टाका. तुमच्यावालं अर्धवट, तसं आमच्यावालंही अर्धवट."

केयूरची बोटं चालता चालता थांबली. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आधी बळीरामांकडे, मग पंख्याकडे पाहिलं. इकडे आड, तिकडे विहीर. विमान होतं म्हणावं तर सुनावणी बुडाली, विमान नव्हतं म्हणावं तर मजला उभा राहिला.

"केयूर, ते खोड," साहेब म्हणाले. सिंधूताईंना आतून गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात साहेबांनी कपाळ पुसलं आणि सिंधूताईंना त्या माणसाची थोडी कीवही आली. घरी यालाही सळया दाखवून 'खोली कधी?' असं विचारणारी कोणी असेलच, असं त्यांच्या मनात आलं.

मजला उभा राहण्यापेक्षा सुनावणी बुडालेली बरी असं साहेबांनी ठरवलं, आणि ती नव्यानं लागली. या वेळी वस्तीत घ्यायची साहेबांची छाती झाली नाही. सिव्हिल लाइन्समधला हॉल धरला. गारेगार, जाड पडद्यांचा, आकाशाची चाहूलसुद्धा लागू न देणारा. वस्ती टेम्पो करून गेली आणि गाद्यांच्या खुर्च्यांवर अवघडून बसली. पहिलं नाव सिंधूताईंचं.

"जयभीम साहेब. हॉल मोठा सुंदर हाये, गारवा लय छान, बोलावलं त्याचा आनंद हाये, पण—"

आणि त्या थांबल्या. हात वर गेला. त्यांच्या मागे साऱ्या वस्तीचे हात वर गेले. विमान नव्हतं, नुसती सवय होती. पण आता 'पुढचे' म्हणायची साहेबांची हिंमत होईना. केयूरची बोटं हवेत थांबली. मोनालीचा मोबाइल चालू होता. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की सिंधूताईंना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला, आणि त्या घाबरल्या. आपल्या बोलण्यासाठी इतकी माणसं गप्प बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग त्यांनी हात खाली घेतला.

"—पण आम्हाले तिथं नेऊन बसवलं ते तुमच्याच कचेरीनं. तवा विमान आमच्या डोक्यावर होतं, तुमच्या नकाशात नव्हतं. आता नकाशात आलं त आम्हीच निघाचं? आवाज हाये साहेब, आम्ही नाही म्हणत नाही. आमच्या इतका तो कोणाले ठाऊक? पण तो माह्या पोराच्या खोलीले लागते न् रस्त्यापल्याड शांतिवनात झोपणाऱ्याले लागत नाही, असा कसा शहाणा आवाज? माही नात उमरेडले हाये. सुनेनं तिले घेऊन यावं त कुठं यावं, एवढं सांगा. बस, झालं माह्यं."

खरंच झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं पूर्ण झालं होतं.

भुसारी साहेबांनी घसा साफ केला. "तुमचं म्हणणं रास्त आहे. घरं राहतील. वरचा मजलाही होईल. पण—"

साऱ्या हॉलनं पंजे वर केले आणि वस्ती वाट पाहू लागली. त्या 'पण'नंतर काय येतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण ते ऐकायला बसला होता. साहेबांनी छताकडे पाहिलं. पाहतच राहिले. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटत होतं, की एखादं विमान यावं. ते आलं नाही.

"—पण खिडक्यांना जाड काच बसवा," साहेब पडेल आवाजात म्हणाले. केयूरनं खटाखट टाइप करून टाकलं.

नव्या नकाशात लाल रेषेनं शांतिवनाला वळसा घातला होताच, आता सुजातानगरालाही घातला. नागनदीलासुद्धा एवढी वळणं नसतील. विमानं मात्र नकाशा वाचत नाहीत, ती पूर्वीसारखीच सरळ येतात.

सळयांवरच्या बाटल्या निघाल्या आणि खोली चढली. कबूल केल्याप्रमाणे जाड काचाही बसल्या. अश्विननं हिंगण्याची खोली सोडली, आणि मेघा मध्ये थोडे दिवस तिथे काढून, मुलीला घेऊन उन्हाळ्याच्या तोंडावर घरी आली. सिंधूताईंनी लेकीसारखी ओवाळून तिला वर नेलं. पण नागपूरचा उन्हाळा काही कचेरीला विचारून येत नाही. काच बंद ठेवली की खोलीची भट्टी होई. कूलर लावायचा तर खिडकी उघडीच हवी. आठवड्याच्या आत काच निघून पलंगाखाली गेली आणि खिडकीत कूलर बसला.

एका दुपारी सिंधूताई जिन्याखाली गाळणं शोधत होत्या. वर नात मोकळ्या गळ्यानं रडत होती, भुकेची वेळ होती. पायलट उठून उभा राहिला. चहाचं विमान येत होतं. तेवढ्यात रडणं एकदम बंद झालं आणि वरून मेघाची हाक आली.

"आई, पोरगी—"

पुढचं विमानात गेलं.

सिंधूताईंचा हात सवयीनं वर गेला. रडणं बंद झालं. पोरगी काय? पडली? घशात काही अडकलं? हात वर तसाच राहिला. आणि मग त्या थांबल्या नाहीत. डोक्यावर विमान गडगडत असताना "काय झालं वं? काय झालं?" असं स्वतःलाही ऐकू न येणारं ओरडत, लुगडं सावरत, धापा टाकत त्या जिना चढल्या.

वर मेघा पाळण्यापाशी पंजा वर करून उभी होती. पाळण्यात नात उताणी. तोंड उघडं, गालांवर आसवं, डोळे छताकडे. एक चिमुकला हात वर, बोटं फाकलेली. आवाज नाही. विमान सावकाश पुढे गेलं, पत्रे शांत झाले. मग पोरीनं जिथे सोडलं होतं तिथूनच, त्याच सुरात, रडणं पुढे सुरू केलं.

"—थांबून राहिली, आई! पाहा ना!" मेघा हसत म्हणाली. "कालपासून असंच करते. विमान आलं का थांबते."

खालून बळीराम ओरडले, "अरे बाप्पा, सुजातानगरची हाये ते!" अश्विन रातपाळीची झोप टाकून उठून बसला आणि टाळ्या वाजवायला लागला. भीमाबाई पलीकडच्या ओट्यावरून विचारू लागल्या, काय झालं, काय झालं. सिंधूताईही हसल्या. हसता हसता त्यांनी नातीला उचलून छातीशी धरलं, आणि त्यांना भडभडून आलं. याच खोलीसाठी आपण इतकं केलं, आणि या खोलीत ही आधी थांबायला शिकली, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

"रड वं माय, रड," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "तू नको थांबू. तुले काही झालं तरी तू नको थांबू."

पोरगी रडत राहिली. खाली पायलटनं पुन्हा कान टवकारले.